खुर्चीसकट खडपबंदर

दशरथ चिंदरकर खडपबंदरला सुखरूप उतरला. खुर्ची उतरली, वळकटी उतरली, फिरकीचा तांब्या उतरला, लिंबांची पिशवी उतरली. जिच्यासाठी दीड महिना हा खटाटोप चालला होता ती आई तेवढी सोडून बाकी सगळं व्यवस्थित उतरलं.

असं काही झालेलं नाही. निदान अजून तरी नाही. तेव्हा आपण काही ऐकलंच नाही असं धरून चालू आणि सरळ घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगराला टेकून उभ्या असलेल्या एका चाळीत जाऊ. साल १९८४, महिना एप्रिल. दशरथ दारात उभा राहून एक पोस्टकार्ड सातव्यांदा वाचतो आहे आणि सातव्यांदाही त्यात तेच लिहिलेलं आहे.

'जानकीस राधाचे अनेक आशीर्वाद. तू न्हाणीघरात पडलीस व मांडीत सळी घातली असे कळले. कोणी सांगतात बरी आहे, कोणी सांगतात गेली. पाऊस लागायच्या आत एकदा तोंड दाखवून जा. नाही आलीस तर गेलीस असे धरून मी तेरावे घालणार. आचाऱ्याला सांगून ठेवले आहे.'

राधा म्हणजे आईची बहीण. धाकटी की थोरली, हे सांगता येत नाही, कारण भांडण नेमकं त्यावरच होतं. जन्माची नोंद दोघींचीही नाही. जानकी म्हणायची, मोठं तुफान झालं तेव्हा मी रांगत होते. राधा म्हणायची, तुफान झालं तेव्हा मी तुला कडेवर घेऊन माळ्यावर चढले. ज्या आईला खरं ठाऊक होतं, ती दोघींना 'तूच मोठी गो' असं वेगवेगळं सांगून वारली. मग अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात दोघी मांडवात समोरासमोर आल्या. धाकटीने वाकून नमस्कार करायचा, ही रीत दोघींनाही मान्य होती. म्हणून दोघींनी पाय जरासे पुढे केले आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. मुलगी सासरी गेली, मांडव सुटला, या उभ्याच. त्यानंतर बोलणं बंद.

"आशीर्वाद लिवता!" आई खाटेवरून म्हणाली. तिचा उजवा पाय समोर सरळ, फळीसारखा. सळी घातल्यापासून गुडघाही आखडला होता. "मी जिती आसंय, ता तिका दिसाक व्हया. माका घेवन चल."

"आये, कसं नेऊ? यष्टीत पाय कुठे ठेवशील?"

प्रश्न बरोबर होता. हा पाय घेऊन यष्टीत बसायचं तर तो पुढच्या दोन सीटच्या मधून ड्रायव्हरच्या बरगडीपर्यंत गेला असता, आणि कशेडीच्या घाटात ड्रायव्हरने तो गिअर समजून ओढला असता. टॅक्सीत पाय खिडकीबाहेर. रेल्वे गावाला जातच नव्हती. राहिली बोट. बोटीच्या डेकवर माणूस हवं तेवढं लांब पसरू शकतं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी दहाला सुटायची, दुसऱ्या दिवशी उजाडताना खडपबंदर. मेअखेर बोटी बंद. मग चार महिने समुद्र आपला एकटाच.

म्हणजे आईला पावसाच्या आत बोटीत चढवायची आणि खडपबंदरला उतरवायची. एवढंच काम. एवढंच असल्यामुळे दशरथची झोप उडाली.

दशरथ विक्रोळीच्या एका कारखान्यात सुरक्षा खात्यात होता. सूचना लिहिणं हेच त्याचं काम. 'चालू पट्ट्याजवळ धोतर नेसून जाऊ नये', 'शिडीवर एका वेळी एकच माणूस असावा' असल्या पाट्या त्याच्या हातच्या. त्या वाचताना मात्र आजवर कोणी दिसलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो अर्धी रजा टाकून भाऊच्या धक्क्यावर गेला आणि तिकीट खिडकीतल्या माणसाला म्हणाला, "पाय न वाकणाऱ्या प्रवाशांसाठी काय सोय आहे?"

"पाय वाकणाऱ्यांसाठी काय आहे असं वाटतं तुम्हाला?" तो माणूस म्हणाला. "नेक्स्ट."

दशरथ घरी आला आणि सूचना लिहायला बसला. पहिल्याच बैठकीत अकरा झाल्या. चहा प्यायला उठला, परत बसला, पंधरा झाल्या. त्यातल्या बऱ्याच शहाणपणाच्या होत्या, हे मान्य केलं पाहिजे. एकाने पहाटेच वळकटी घेऊन जावं आणि डेकवर भिंतीकडेची जागा धरावी. जागा संडासाजवळ हवी, पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला नको. औषधं ट्रंकेत नव्हे, हातातल्या पिशवीत. निघायच्या आधी चहा नाही, लिंबू जवळ. शिडीवर आजारी माणसाच्या खालच्या बाजूला नेहमी एक धडधाकट माणूस. आणि सूचना सात, जिच्याखाली त्याने दोन रेघा मारल्या: 'उतरताना कुटुंबातील सर्वांत सक्षम व्यक्तीने सामानासह प्रथम पडावात (किनाऱ्यावरून येणाऱ्या होडीत) उतरून रुग्णास झेलण्याच्या तयारीत उभे राहावे.'

"सक्षम म्हणजे लवूभावजी ना?" प्रेमाने विचारलं. प्रेमा त्याची बायको. लवू धाकटा भाऊ, आखाड्यात जाणारा. एका हाताने गॅसचा सिलिंडर उचलायचा.

"सक्षम म्हणजे ज्याला सूचना पाठ आहेत तो," दशरथ म्हणाला.

लवूने प्रेमाकडे पाहिलं. प्रेमाने आमटीकडे पाहिलं.

खुर्ची शेजारच्या धोंडिराम गायकवाडने बनवली. हा भांडुपच्या एका कंपनीत फिटर. त्याने कुठल्याशा पारशाच्या घरातून मोडीत निघालेली लांब हातांची आरामखुर्ची आणली, हात पुढे फिरवून त्यावर पायासाठी फळी ठोकली, खाली ट्रॉलीची चाकं बसवली आणि उचलायला दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप लावले. सायकलचा ब्रेकही बसवला. मग ब्रेक आहे तर घंटी पाहिजे, म्हणून घंटी.

"घंटी कशाला?" दशरथने विचारलं.

"बोटीवर गर्दी असते ना? आई वाजवतील. लोक बाजूला होतील."

आईने घंटी वाजवून पाहिली. चाळीतली पाच माणसं खरोखर बाजूला झाली. त्या क्षणापासून खुर्ची तिला आवडली.

पहिली तालीम चाळीच्या जिन्यावर झाली. वरचा मजला म्हणजे बोट, अंगण म्हणजे पडाव. खडपबंदरला धक्का नाही. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते, किनाऱ्यावरून पडाव येतो आणि माणसं शिडीवरून त्यात उतरतात. लवूने मागून पाइप धरले, दोन भाडेकरूंनी पुढून, दशरथ सगळ्यात खाली हात पसरून. आई मधे, राणीसारखी. सतरा पायऱ्या दोन मिनिटांत झाल्या.

"झकास!" लवू म्हणाला.

"झकास काय झकास?" धोंडिराम म्हणाला. "दशा, समुद्र हलतो रे. तुमचा जिना हलतो का?"

दशरथचा चेहरा पडला. हे कुठल्याच सूचनेत नव्हतं. तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला, मग गल्लीत, मग दिसेनासाच झाला. अर्ध्या तासाने परत आला तो हातगाडी घेऊन. गुणाजी नावाच्या केळीवाल्याची गाडी होती. गुणाजीही केळ्यांसकट आला होता. गाडी जिन्याच्या तोंडाशी लावली. गाडी म्हणजे पडाव. चाळीतली चार माणसं चार कोपऱ्यांना उभी राहून ती हलवणार. ती चार माणसं म्हणजे अरबी समुद्र.

"लाट!" दशरथ ओरडला. समुद्राने गाडी उचलली. "ओहोटी!" समुद्राने गाडी खाली सोडली. समुद्रापैकी एकाला खोकला आला म्हणून भरती थोडा वेळ थांबली. मग पुन्हा लाट. आईची खुर्ची शेवटच्या पायरीपर्यंत आली, गाडी वर आली, लवूने अलगद खुर्ची गाडीवर ठेवली. ती बरोबर बसली. आईने घंटी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त, गाडी उचलली गेली तेव्हा तिच्यावर झेलायला उभा असलेला दशरथ केळ्यांत पडला होता.

"माका काय भाताची गोण समाजलस, झेलूक?" आई म्हणाली. "तू आदी स्वताक सांबाळ. तुझ्याच पायांका थारो नाय."

"आये, तू गंमत समजतेस. तिथे पाणी आहे."

"माका ठावक आसा थंय पाणी आसा. माझो जल्म थंयचो."

दशरथला ते पटलं नाही. हातगाडी ही हातगाडी. पुढच्या रविवारी त्याने धोंडिरामच्या ओळखीचा टेम्पो काढला आणि आईला, लवूला, खुर्चीला आणि सूचनांच्या वहीला घेऊन थेट खारदांडा गाठला. तिथे वाळूत होड्या ओढलेल्या होत्या, काठ्यांवर बोंबील लटकत होते आणि शिवदास नावाचा एक कोळी जाळं विणत बसला होता. दशरथने त्याला सगळं समजावून सांगितलं: आई, सळी, मावशी, तेरावं, सूचना सात. शिवदासने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे म्हातारीला होरीत बशवायची, आन् परत उतरवायची?"

"हो."

"कुटं जायचं नाय?"

"नाही. फक्त चढायचं आणि उतरायचं."

शिवदासने जाळं खाली ठेवलं. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पण कुठेच न जाण्यासाठी होडी मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्याने आणि त्याच्या भावाने होडी गुडघाभर पाण्यात लोटली. दशरथ सूचनेप्रमाणे आधी चढला. होडी एकदा इकडे झुकली, एकदा तिकडे. दशरथने काठ धरला, मग दुसरा काठ धरला, मग खाली बसला आणि सकाळचा चहा समुद्राला परत दिला. वास्तविक चहा घ्यायचा नाही ही सूचना चौथी होती. पण ती रुग्णासाठी होती.

तोवर शिवदास आणि लवूने खुर्ची उचलून होडीत ठेवलीही होती. आई टेकून बसली होती, पाय समोर, पदर वाऱ्यावर. काठावरच्या एका कोळणीशी तिची बोंबलांवरून हुज्जत चालू होती, आणि हलणाऱ्या होडीतून हलत हलत ती जिंकत होती.

"शेठ, म्हातारीची फिकीर सोरा," शिवदास म्हणाला. "तिचा पाय लाकराचा, ती लाकरासारखीच ऱ्हाते. तुमी हलता."

घरी पोचल्यावर त्याने आणखी चार सूचना लिहिल्या.

पंचवीस मेला ती मंडळी निघाली. बोटीत चढणं इतकं सोपं झालं की दशरथला त्याचा रागच आला. भाऊच्या धक्क्याला बोट टेकून उभी असते, फळी टाकलेली असते. आईने घंटी वाजवली, गर्दी दुभंगली, खुर्ची सरळ आत. लवूने पहाटे जाऊन भिंतीकडेची जागा धरली होती, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. शेजारी एक मालवणचं कुटुंब, त्यांच्याकडे फणस. दुपारपर्यंत आईचा पाय त्या बोटीवर प्रसिद्ध झाला. बायका येऊन पाहून जात होत्या, एकीने सळीवर हात लावून आपल्या गुडघ्याला लावला. पत्ते रंगले. प्रेमाने आयुष्यात पहिल्यांदा क्षितिज पाहिलं आणि "बरंच लांब आहे हो," एवढंच म्हणाली.

दशरथ मात्र डेकच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत होता. शिडी कुठे आहे, किती पायऱ्या, दोर कुणाच्या हातात असतो, बोट किती मिनिटं थांबते. एका खलाशाला त्याने हेच चार वेळा विचारलं. पाचव्यांदा खलाशी लांबूनच म्हणाला, "दहा मिनिटं, साहेब. कालही दहाच होती."

"राधा मावशी बंदरावर येईल ना?" प्रेमाने विचारलं.

"येईल. पत्र टाकलंय."

"आणि भेटल्यावर नमस्कार कोण करणार?"

दशरथ थांबला. एकूण एकोणीस सूचना झाल्या होत्या. ही बाब त्यांत नव्हती.

"माझो पाय वाकना नाय," आई डोळे मिटून म्हणाली. "डॉक्टराचा सर्टिफिकेट आसा." आणि इतक्या समाधानाने झोपली, की दशरथला वाटलं, ही न्हाणीघरात मुद्दाम तर पडली नसेल?

उजाडलं आणि खडपबंदर दिसलं. काळा कातळ, माडांची रांग, वर एक पांढरं देऊळ. भोंगा झाला, बोट उभी राहिली. किनाऱ्यावरून पडाव निघाला. "सूचना सात!" दशरथ म्हणाला. आईला लवूने खुर्चीतून काढून शिडीच्या तोंडाशी वळकटीच्या गठ्ठ्यावर टेकवलं, कारण शिडी अरुंद होती आणि आधी खुर्ची खाली गेली पाहिजे होती. मग तो गठ्ठाही खाली गेला पाहिजे, म्हणून तो काढून आईला लोकांच्या ट्रंकेवर टेकवलं. खुर्ची दोराने खाली गेली. वळकटी गेली. तांब्या गेला. दशरथ स्वतः शिडीवरून एकेक पायरी मोजत उतरला, पडावात पाय रोवून उभा राहिला, हात पसरले आणि ओरडला, "लवू! सोड आयेक!"

पण पडावात तो चालवणाऱ्या तांडेलाशिवाय आणखी कोणीतरी होतं. लुगड्याचा काष्टा घातलेली, कमरेतून अशी काटकोनात वाकलेली एक म्हातारी दशरथच्या काखेखालून पुढे झाली, तिने शिडी धरली आणि भराभर वर चढली. वाकलेल्या माणसाला शिडी बरी पडते, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मावशे!" दशरथ ओरडला. "अगो, ती खाली येतासा! तू वर कित्या?"

राधा मावशीला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ती वर पोचली, कठड्याजवळ उभी राहिली, म्हणजे जितकी राहू शकत होती तितकी, आणि तिचं डोकं बरोबर जानकीच्या पायांपाशी आलं.

फणसवालं कुटुंब उठून उभं राहिलं.

"वाकलंस!" आई म्हणाली. "अकरा वर्सांनी वाकलंस! म्हणजे तू धाकटी."

"ह्यो नमस्कार न्हय गो. कमर गेली माझी, पाच वर्सा झाली. मी भाकरेक पण अशीच वाकतंय."

"भाकरेक वाक, माका वाक, वाकलंस ता वाकलंस."

"मगे तू कित्या नाय वाकूक? थोरलेक पाय पसरून दाखवतंस?"

"सळी आसा! हात लाव, बघ!"

राधाने हात लावला. मांडीपासून घोट्यापर्यंत हळूहळू फिरवला. मग तिच्या तोंडून नुसतंच "गे बाय माझ्ये" निघालं आणि ती तिथेच, जानकीच्या सरळ पायावर, बाकावर बसावं तशी बसली. दोघी एकदमच बोलायला लागल्या. तुफान, माळा, आई, लग्नातला मांडव, कोण मेलं, कोणाची सून कशी. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं आणि दोघींना सगळं कळत होतं.

"दादा!" लवूने वरून हाक मारली.

"उचल ना रे तिला!"

"खंयसून उचलू? मावशी तिच्या पायार बसली आसा!"

"प्रेमा! तू सांग त्यांना!"

"अहो, मोठी माणसं बोलतायत," प्रेमा खाली वाकून म्हणाली. "मधे कशी बोलू?"

"यातली मोठी कोण ते ठरलंय का?"

"म्हणूनच ना! दोघींचाही मान ठेवायला हवा."

खलाशाने घड्याळ पाहिलं. तांडेल ओरडला, "उतारचो कोण आसा काय?" फणसवाल्या कुटुंबापासून सगळं डेक त्या दोघींभोवती जमलं होतं; कोणी डोळे पुसत होतं, कोणी तुफानाचं साल काढून देत होतं. दशरथने शिडी धरली. लाट आली, पडाव खाली गेला, शिडी हातातून सुटली. त्याने खुर्चीची घंटी वाजवायला घेतली. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. वर आई क्षणभर थबकली, तिने खाली पाहिलं आणि "रे दशरथा, पडशीत, बस खाली" असं म्हणून पुन्हा राधाकडे वळली.

शिडी वर गेली. भोंगा झाला. बोट पणजीच्या दिशेने निघाली.

दशरथ खाली बसला. पडावात बसायला ती एकच जागा होती, म्हणून खुर्चीत. तांडेलाने त्याला किनाऱ्यावर आणलं, वाळूत खुर्ची ठेवली आणि रुग्ण समजून हाताला धरून उठवलं. बोट अजून दिसत होती. वारा तिकडून होता. दोन आवाज येत होते, एकात एक मिसळलेले. इंजिनाचा आवाज विरला तरी ते दोन आवाज थोडा वेळ मागे राहिले, असं त्याला वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच त्याला करायला काही नव्हतं. त्याचे पाय तरीही हलत होते.

बंदरावर पत्र्याच्या खोलीत नंदकुमार नावाचा कारकून होता. दशरथने त्याला सगळा प्रकार सांगितला आणि बोट परत बोलवायला सांगितलं.

"बोट परत बोलवता येत नाही," नंदकुमार म्हणाला. "पण पणजीहून परतीची दुपारी दीडला इथूनच जाते. यंदाची शेवटची. बावटा लावला तर थांबते, नाही तर सरळ मुंबई. तुमची माणसं असतील ना त्यात?"

"असतील."

"मग बावटा लावू?"

दशरथने हिशेब केला. बावटा लावला की बोट थांबणार. बोट थांबली की राधा मावशी उतरणार, आई उतरणार. घरी जाणार, उंबऱ्याशी पोचणार, आणि आधी आत कोण जाणार यावरून दोघी उंबऱ्याबाहेर उभ्या राहणार. कदाचित आणखी अकरा वर्षं. तो खोलीबाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला.

"साहेब, एक काय ते लेखी द्या," नंदकुमार म्हणाला, आणि कागद पुढे सरकवला.

दशरथने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि लिहिलं:

'मा. बंदर अधिकारी यांस,

विषय: परतीच्या बोटीबाबत.

महोदय, अर्जदाराची आई व मावशी (वयाचा क्रम अनिर्णित) या आज सकाळच्या बोटीवर असून त्यांचे बोलणे अकरा वर्षांनंतर सुरू झाले आहे. ते किनाऱ्यावर चालू राहील याची खात्री नाही. सबब विनंती की, येथे बावटा लावू नये. तसेच उभयतांचे बोलणे संपल्याचे दोघींच्या अंगठ्यांनिशी लेखी मिळेपर्यंत सदर बोट मुंबई, पणजी अथवा मधल्या कोणत्याही बंदरास लावण्यात येऊ नये. या मुदतीत पावसाळा येत असल्यास तो पुढे ढकलण्याबाबत संबंधित खात्यास आपल्या स्तरावरून कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
द. गो. चिंदरकर'